कमावलेली ताकद टिकवा
मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट शिखर सर केले. त्यासाठी त्यांनी अनेक महिने सराव केला होता. ताकद एका दिवसात येत नाही. आणि आली तरी आपोआप टिकत नाही.

गडचिरोलीकडे शेतात धानाची रोवणी चालते, त्याच सुमारास शाळांत कबड्डी व खो-खोची तयारी सुरू होते. पुढे तालुका, जिल्हा, विभाग असे सामने होतात. या धावपळीत पुष्कळ खेळाडू व्यायाम सोडून देतात. काही आठवड्यांनी त्यांची शक्ती कमी होते. असे का होते? नुसत्या खेळाने सगळ्या स्नायूंवर पुरेसा ताण पडत नाही. ज्या स्नायूंना काम नसते, ते हळूहळू दुबळे होतात.

मग काय करावे? आठवड्यातून दोनदा वीस-पंचवीस मिनिटे जोर व बैठका काढा. व्यायाम थोडा चालेल, पण सोपा करू नका. सामन्याच्या आदल्या दिवशी मात्र विश्रांती घ्या.

कबड्डीच्या किशोर व कुमार गटांत वजनाची मर्यादा असते. म्हणून काही मुले उपाशी राहतात, पाणीही पीत नाहीत. हे धोक्याचे आहे! उपाशी शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्च करते. भात, वरण, अंडी, मासे, शेंगदाणे, जे घरी मिळेल ते पोटभर खा. रात्री आठ-नऊ तास झोपा. झोपेत स्नायूंची झीज भरून निघते.

वजन जास्त भरत असेल, तर क्रीडाशिक्षकांना वेळेवर सांगा. एक सामना हुकला तरी चालेल. वाढते शरीर मात्र जपलेच पाहिजे.