पैनगंगेकाठच्या ऊन पाण्यातले राखणदार

यवतमाळ आणि नांदेड या जिल्ह्यांच्या मधून पैनगंगा सीमा आखत जाते. तिच्या नांदेडकडच्या बाजूला, किनवट तालुक्यात, उनकेश्वर आहे. शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारून इथे ऊन पाणी काढलं, अशी श्रद्धा आहे. यवतमाळकडची माणसंही इथे अंघोळीला येतात. जवळपास ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी बेसाल्टच्या भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि पुन्हा वर येतं. २०१६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी या झऱ्यातल्या जिवाणूंच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला.

अशा पाण्यात जगणं सोपं नाही. अंड्याचा पांढरा भाग तापला की गोठतो, तशी साधी प्रथिनं उष्णतेने आपला आकार गमावतात. शिवाय पेशी ऑक्सिजन वापरते तेव्हा त्याच्या काही रेणूंना एक इलेक्ट्रॉन जास्त चिकटतो. हा सुपरऑक्साइड. तो पेशीतली लोहयुक्त विकरं निकामी करतो. त्याला आवरणारं विकर म्हणजे सुपरऑक्साइड डिस्म्युटेज. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी त्याचं हे काम ओळखलं.

उष्णताप्रेमी जिवाणूंमधल्या या विकराचा सखोल अभ्यास झाला तो थर्मस थर्मोफिलसमध्ये. हा जिवाणू जपानमधल्या इझू द्वीपकल्पातल्या गरम झऱ्यात सापडला आणि ८५ अंशांपर्यंत वाढतो. त्याचं विकर चार सारख्या साखळ्यांचं असतं, प्रत्येकीत सुमारे २०० अमिनो आम्लं. साखळीच्या गाभ्यात मँगनीजचा एकच अणू, तोच धातू ज्याच्या खाणी नागपूर-भंडाऱ्यात आहेत. तीन हिस्टिडिन, एक अ‍ॅस्पार्टेट आणि पाण्याचा एक रेणू त्याला जागेवर धरून ठेवतात.

काम दोन टप्प्यांत चालतं. मँगनीज एका सुपरऑक्साइडकडून जादा इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि साधा ऑक्सिजन सुटतो. मग तोच इलेक्ट्रॉन तो दुसऱ्या सुपरऑक्साइडला देतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं. मँगनीज पुन्हा पहिल्यासारखा, पुढच्या फेरीला तयार. पेरॉक्साइडही घातकच. त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करायला या जिवाणूकडे दोन मँगनीज अणूंचं कॅटॅलेज आहे. इतकी नेमकी वाटणी एका पेशीच्या आत चालते, हे मला खरोखर अचंबित करतं.

उष्णतेत ही रचना टिकते कशी? एकच एक युक्ती नाही. विरुद्ध विद्युतभारांच्या अमिनो आम्लांमधली बंधनं, आतली घट्ट बांधणी आणि साखळ्यांचा एकमेकींना लाभलेला आधार हे सगळं मिळून प्रथिन उलगडू देत नाही.

याच कुळातल्या थर्मस अ‍ॅक्वाटिकसपासून मिळालेलं, असंच उष्णतेत टिकणारं टॅक पॉलिमरेज हे विकर पीसीआर तपासणीत रोज वापरलं जातं. कोरोनाच्या चाचण्यांमुळे ही तपासणी घराघरांत ठाऊक झाली. उनकेश्वरच्या झऱ्यातही अजून बरंच शोधण्यासारखं आहे, म्हणून तिथे जाणाऱ्यांना कळकळीची विनंती: कुंडात साबण आणि शाम्पू वापरू नका.