बांधाची कोरडी बाजू

सकाळी 6. श्रावणातला रविवार. त्र्यंबक रस्ता सोडून आत वळलो, तेव्हा चौकीदार काका घोंगडी पांघरून बांधावर उभे. "साहेब, रात्रीत सांडवा सुटला."

हा लहानसा मातीचा तलाव 1972 च्या दुष्काळातल्या रोजगाराच्या कामावर उभा राहिला. उंची नऊ मीटर. 2021 चा धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरच्या वरच्या धरणांना लागतो. दहा ते पंधरा मीटरमधल्यांना काही अटींवर. त्यामुळे इथली राखण आमच्या पायांनीच करायची.

6.30. पाण्याची बाजू पटकन उरकली. दोन ठिकाणी पिचिंगचे दगड घसरलेत, नोंद केली.

7 ते 9. खरी तपासणी मागच्या उतारावर, कोरड्या बाजूला. गवत कापलेलं असेल तरच भेग दिसते, म्हणून ते आधी कापून घेतो. उतारावर बाभळीचं मनगटाएवढं झाड आलंय. उपटून चालत नाही, मुळाची पोकळी पाण्याला वाट देते. तोडायचं, मूळ खणून काढायचं, माती थराथराने धुम्मस करायची. पायथ्याशी काकांनी बूट काढले. "इथं गार लागतंय." हात लावला, माती ओली होती. खाली निचऱ्याच्या चरात करंगळीएवढी धार. मातीच्या बांधाला पाझर असतोच. निवळ असेल तर नुसतं मोजत राहायचं. गढूळ असेल, तर पाणी बांधाची माती आतून घेऊन चाललंय. काचेची बाटली भरून उजेडात धरली. किंचित धुरकट.

11. गाड्या आल्या. भजी, कणसं, सेल्फी. एक कुटुंब गाडी थेट बांधावर घेऊन आलं. "दादा, खाली घ्या. आणि मागच्या ओढ्यात पोरांना उतरू देऊ नका." त्यांनी ऐकलं. सगळे पाण्याकडे बघत होते. मागे वळून बघायचं कोण सांगणार त्यांना?

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. तेही मातीचंच धरण होतं. पावसाळ्यात त्या वाडीची आठवण येते, आणि आमच्या ओढ्याकाठची नऊ घरं डोळ्यांपुढे येतात.

12.30. वरिष्ठांना फोन. त्या नऊ घरांच्या दारी स्वतः गेलो. आज रात्री शाळेत झोपा, एवढंच सांगितलं.

संध्याकाळी 5. वाळूच्या गोण्या आल्या. ओल्या जागेवर आधी वाळू, वर खडी, म्हणजे पाणी निघेल आणि माती थांबेल. दुसरी बाटली भरली.

रात्री 9. दोन्ही बाटल्या कंदिलाजवळ. पहिलीच्या तळाशी नखाएवढा गाळ बसलाय. दुसरीच्या तळाशी अजून काही दिसत नाही. काका दर तासाला बघताहेत.