विकतचे रूळ

पुण्यास कोथरूडमध्यें १९९८ सालीं उघडलेल्या जोशी यांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयांतून आमच्या डहाणूच्या भाच्यानें हें वेड घरीं आणलें. त्याचे पुठ्ठ्याचे डबे १:८७ प्रमाणाचे. पण रुळांवर ते पोट सुटल्यासारखे दिसत. कारण सरळ आहे. डहाणूच्या रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर. त्याचे ८७ भाग केल्यास १९ हून थोडें अधिक येतें. विकतचे रूळ मात्र १६.५ चे, म्हणजे युरोपांतील १४३५ च्या मापाचे! रूळ व चाकें पुन्हां हातानें बसवावयाचीं, तर परीक्षा तोंडावर. आमच्या भगिनीचा त्रागा रास्तच. तरी आमचें मत भाच्याकडेच झुकतें. तडजोड म्हणून आम्हीं सुचविलें कीं, तलासरी तालुक्यांतून होणारा बुलेट ट्रेनचा मार्ग १४३५ चाच आहे. तीच गाडी कर.

"मामा, ती डहाणूस कुठें थांबणार आहे?"