कार्बोरेटर तुंबतो कोठे?

‘भारत स्टेज ६’चे निकष १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींत फ्युएल इंजेक्शन आले, त्याआधीच्या बहुसंख्य गाड्यांत पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण कार्बोरेटरच करतो. त्याच्या तळाच्या वाटीत तरंगता फ्लोट आणि त्याला जोडलेली सुई पेट्रोलची पातळी राखतात, आणि तेथून पेट्रोल ‘जेट’ या बारीक छिद्राच्या पितळी भागांतून वर खेचले जाते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की वाटीतील पेट्रोल उडून जाते आणि मागे उरलेला चिकट थर सर्वप्रथम पायलट जेट बुजवतो, कारण त्याचे छिद्र सर्वांत लहान असते. म्हणूनच चोक ओढल्यावर चालणारी आणि चोक सोडताच बंद पडणारी गाडी आढळल्यास प्रथम हाच जेट पाहावा. एअर फिल्टर स्वच्छ असूनही पूर्ण थ्रॉटलवर गाडी जोर धरत नसेल तर मेन जेट, आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकत असेल तर फ्लोटची सुई तपासावी.

जेटमध्ये तार वा टाचणी घालण्याची गॅरेजमधील सवय मात्र घातकच म्हटली पाहिजे, कारण मऊ पितळेचे छिद्र किंचित रुंदावले तरी मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. कार्बोरेटर क्लीनर मारून दाबाच्या हवेने जेट मोकळा करावा आणि उजेडासमोर धरून छिद्र पूर्ण गोल दिसते का ते पाहावे. क्लीनरने रबर फुगू शकते, त्यामुळे ओ-रिंग आणि डायफ्रॅम आधीच काढून ठेवावेत. गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून ड्रेन स्क्रूने वाटी रिकामी करावी.