छोट्या सेन्सरला केवढी लेन्स?

(लेखांक 6)

छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचा स्टुडिओ 1880च्या दशकात सिकंदराबादेत उभा राहिला. त्या जमान्यातल्या 8 बाय 10 इंची काचेच्या प्लेटसाठी 300 मिमी लेन्स म्हणजे नेहमीच्या वापरातली साधी लेन्स. टेलिफोटो नव्हेच. तीच 300 मिमी आज मायक्रो फोर थर्ड्स कॅमेऱ्यावर चढवली, की शामीरपेट तलावाच्या काठावर बसलेल्या खंड्याच्या चोचीतला मासा दिसतो. फरक सगळा लेन्सच्या मागे असलेल्या चौकोनाचा.

दुकानदार मात्र सांगतो, ‘300 घ्या, 600 मिळतात.’ मिळत काही नाही, कडेचं कापलं जातं. हिशेबच करू. छोटा खंड्या साधारण 17 सेंमीचा. तो 10 मीटरवर असेल तर 300 मिमी लेन्स त्याची 5.1 मिमीची प्रतिमा पाडते, सेन्सर कुठलाही असो. 36 मिमी रुंदीच्या, 24 मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेमवर त्या प्रतिमेच्या वाट्याला साधारण 850 पिक्सेल येतात. 17.3 मिमी रुंदीच्या, 20 मेगापिक्सेलच्या छोट्या मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरवर 1,500. पिक्सेल दाटीवाटीने बसलेले असतात, एवढीच काय ती करामत. 45 मेगापिक्सेलची फुल-फ्रेम घेतली तर तिथेही 1,150च्या पुढे जातात, आणि मग छोट्या सेन्सरचा तोरा बराच उतरतो.

पण पक्षी मोठा दिसला म्हणजे झालं असं नाही, उजेडही हवा. लेन्सच्या मिलिमीटरला एफच्या आकड्याने भागा. जे येईल ते उजेड आत घेणारं भोक. ऑलिम्पसची 75-300 टोकाला एफ/6.7, म्हणजे जेमतेम 45 मिमी. कॅननची आरएफ 100-400 एफ/8 असूनही 50, सोनीची एपीएस-सीसाठीची 70-350 जवळपास 55. ऑलिम्पसच्याच 300 एफ/4 चं भोक थेट 75 मिमी: पहिलीपेक्षा पावणेतीनपट उजेड. वजनही तसंच, 423 ग्रॅमवरून सव्वा किलोच्या वर. (किमतीचं आज बोलायला नको.)

माझं मत विचाराल तर एपीएस-सीवाल्यांनी त्या 70-350 किंवा 100-400 वर खुशाल थांबावं. दोन्ही सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, दिवसभर गळ्यात वागवता येतात. मायक्रो फोर थर्ड्सवाल्यांना 75-300 ने सुरुवात करायला हरकत नाही. पण पहाटेच्या अंधुक उजेडात उडता पक्षी टिपायला 1/1000 चं शटर लागतं, आणि तिथे एफ/6.7 ची दमछाक होते. पहाटेचीच हौस असेल तर मधल्या कुठल्या लेन्सवर पैसे न घालवता 300 एफ/4 साठी साठवावेत. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणाऱ्या टेलिकन्व्हर्टरचा मोह नको. 1.4 चा लावला की एक स्टॉप उजेड गेला, 2 चा लावला की दोन. 75-300 वर तर ऑलिम्पसचा बसतही नाही.

एका गोष्टीवर मात्र कुठल्याच लेन्सचा इलाज चालत नाही. अमीनपूरच्या तलावाला 2016 मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, तिथे रोहित बघायला गर्दी होते. ऊन चढलं की तापलेल्या खडकांवरची हवा थरथरू लागते आणि लांबचे रोहित पाण्यात भिजलेल्या चित्रासारखे फिसकटतात. लेन्स जितकी लांब, तितकी ती थरथरही मोठी दिसते. अशा वेळी 20 मीटरचं अंतर 10 वर आलं तर पक्षी दुप्पट होतो आणि मधली हवा निम्मी. तेव्हा पहाटेच जाऊन काठाशी झुडपाआड बसावं आणि पक्ष्यांना आपणहून जवळ येऊ द्यावं.