नाका एकाच जागी नको, फिरता हवा

दिवस मावळला की झरी जामणी तालुक्यातील रस्त्यांवर एकच गर्दी होते. बाजारातून परतणाऱ्या मोटारसायकली, कापसाच्या बंड्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि मुकुटबनच्या सिमेंट कारखान्याकडे जाणारे-येणारे अवजड ट्रक. मोटारसायकलवर तिघे, डोक्याला दुपट्टा आणि हेल्मेट घरी खुंटीला! "बाजारात तर जाऊन येतो, त्याले हेल्मेट कायले?" हे आपले ठरलेले उत्तर. देशात २०२२ साली हेल्मेट नसलेल्या ५० हजारांवर दुचाकीस्वारांचा जीव गेला, हे कोणी ध्यानात घेत नाही.

पोलीस दिसले की मात्र चित्र पालटते. तिसरा आधीच उतरून पायी निघतो. पण नाका रोज एकाच वळणावर असला, तर चार दिवसांत सगळ्यांना ठाऊक होतो. मग पिणारा पांदण रस्त्याने गाडी काढतो, आणि अपघात तिकडे होतो.

हा नुसता अंदाज नव्हे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह राजस्थान पोलिसांच्या मदतीने हे तपासून पाहिले. काही ठाण्यांनी रात्रीची दारूची तपासणी एकाच जागी केली, काहींनी जागा बदलत केली. बदलत्या नाक्यांनी रात्रीचे अपघात १७ टक्के, तर मृत्यू २५ टक्के कमी झाले. एका जागच्या नाक्याने म्हणावा असा फरक पडला नाही.

कायदा काही कमी कडक नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दारू पिऊन गाडी चालविल्यास पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार दंड किंवा दोन्ही. अल्पवयीन पोराच्या हाती गाडी देऊन गुन्हा घडला तर बापाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. पण कागदावरच्या दंडाला कोण भितो? आज आपण सापडू, ही धास्ती मनात असली तरच हात आवरतो.

तेव्हा मुकुटबन आणि पाटण ठाण्यांनी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी जागा बदलून तपासणी करावी. दुचाकीवाल्याला धरून ओव्हरलोड ट्रक सोडू नये, नाहीतर लोक त्याला वसुलीच म्हणतील. ग्रामसभांनी बंड्या व ट्रॉल्यांना लाल रिफ्लेक्टर लावून घ्यावेत. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातला कमावता माणूस गेला, की पेरणी आणि लेकरांची शाळा दोन्ही अडतात. त्यापुढे नाक्यावरची दहा मिनिटे काहीच नाहीत.