गिटार शिकताना दुखते कुठे?

मे महिन्याची सुट्टी लागली की गावात गिटारच्या क्लासचे फलक दिसू लागतात आणि जूनअखेर त्यांतले काही विद्यार्थी माझ्या दवाखान्यात दिसू लागतात. बहुतेकांची तक्रार किरकोळ असते. बोटांची टोके लाल झालेली असतात, आईला काळजी वाटत असते. समजूत घातली की काम भागते. परंतु काही वर्षांपूर्वी आलेल्या एक बाई माझ्या चांगल्याच लक्षात राहिल्या आहेत.

वय ४७, प्राथमिक शाळेत शिक्षिका, आठ वर्षांपासून मधुमेह. मुलीचे नाव सुट्टीच्या बॅचमध्ये घालायला गेल्या आणि लहानपणापासूनची हौस म्हणून स्वतःचेही नाव घालून आल्या. बॅच चौदा जणांची. दोन महिन्यांनी त्यांना रात्री दोन-तीनच्या सुमारास जाग येऊ लागली. डाव्या हाताचा अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटे बधिर होत, मुंग्या येत. हात झटकला की बरे वाटे. फळ्यावर लिहिण्याचा हात उजवा, त्यामुळे शाळेत काही अडले नाही आणि दुखणे अंगावर निघाले. क्लासमध्ये विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "मॅडम, सुरुवातीला सगळ्यांनाच दुखतं. दाबत राहा, सवय होईल." एके दिवशी चहाचा कप हातातून निसटला, तेव्हा त्या माझ्याकडे आल्या.

मी विचारले, "या दोन महिन्यांत सरांनी एकदा तरी तुमचं मनगट जवळून पाहिलं का?"

"चौदा जणांत त्यांना कुठे वेळ, डॉक्टर? आणि मीही मागेच बसते. मुलांसमोर चुकायची लाज वाटते." मग हळूच म्हणाल्या, "सोडून देऊ का आता?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी गिटारवाल्याचे कोणते दुखणे साधे आणि कोणते नव्हे, हे समजून घ्यायला हवे.

साधे दुखणे

गिटारची तार बोटाच्या टोकाने लाकडी दांडीवरील धातूच्या पट्टीजवळ दाबावी लागते. या पट्टीला फ्रेट म्हणतात. पोलादी तारांच्या गिटारवर सहा तारांचा मिळून ताण सुमारे ७० किलो असतो, तर नायलॉन तारांच्या गिटारवर साधारण ४० किलो. नवशिक्याची बोटे पोलादी तारांवर अधिक का चुरचुरतात, हे यावरून ध्यानात येईल. दोन ते चार आठवड्यांत टोकांची कातडी जाड होते आणि चुरचुर थांबते. हे दुखणे फक्त टोकाला असते, वाजवतानाच होते आणि दुसऱ्या दिवशी कमी झालेले असते. त्याला औषध लागत नाही. कातडी सोलून काढू नये आणि हात ओले असताना वाजवू नये, एवढे पथ्य पुरे. मधुमेह असलेल्यांनी मात्र रोज बोटांची टोके निरखावीत. चीर पडली तर ती भरेपर्यंत वाजवणे बंद ठेवावे.

साधे नसलेले दुखणे

मनगटाच्या तळव्याकडील बाजूस हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये बोगद्यासारखी अरुंद वाट असते. तिच्यातून बोटे मिटणाऱ्या नऊ कंडरा आणि एक महत्त्वाचा मज्जातंतू जातो. मनगट आत वाकले की या वाटेतील दाब वाढतो. वाकलेल्या मनगटाने बराच वेळ जोर लावत राहिले तर कंडरांना सूज येते आणि मज्जातंतू चेपतो. यालाच 'कार्पल टनेल'चा विकार म्हणतात. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांत मुंग्या येतात, त्याही विशेषतः रात्री. मधुमेह, थायरॉइडची कमतरता आणि गरोदरपण यांत हा विकार अधिक आढळतो. म्हणजे दोष एकट्या गिटारचा नसतो. भरलेल्या भांड्यात ती शेवटचा थेंब टाकते.

याखेरीज आणखी काही खुणा लक्षात ठेवाव्यात. करंगळीत मुंग्या येत असतील तर कोपराजवळचा मज्जातंतू दाबला जात असावा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येत असेल तर अंगठा दांडीवर फार आवळला जात आहे. बोट मिटल्यावर अडकून 'टक्' करून उघडत असेल तर कंडरेभोवतीच्या आवरणाला सूज आहे. आणि काहीही न दुखता एखादे बोट फक्त वाजवतानाच आपोआप आत वळू लागले, तर तो मेंदूकडून येणाऱ्या आज्ञेतील बिघाड असू शकतो. वर्षानुवर्षे तासन्‌तास वाजवणाऱ्या व्यावसायिक कलावंतांत तो कधीकधी आढळतो. अशा वेळी जास्त सराव करून बोट वठणीवर आणण्याचा प्रयत्न मुळीच करू नये.

थोडक्यात नियम असा: बोटाच्या टोकाला दुखले तर धीर धरावा, मनगट, कोपर, खांदा यांत दुखले किंवा बधिरपणा आला तर थांबावे. 'दाबत राहा' हा सल्ला टोकांच्या दुखण्यापुरताच ठीक आहे.

जोर किती लावावा?

नवशिका तार फ्रेटपासून लांब दाबतो. तेथे जोर जास्त लागतो. आवाज फुटतो म्हणून तो आणखी दाबतो, अंगठ्याने दांडी चिमट्यासारखी आवळतो, दिसावे म्हणून गिटार तिरकी करतो आणि मनगट वाकवतो. बहुतेक दुखणी या साखळीतून येतात.

यावर घरी करता येण्याजोगा एक प्रयोग सांगतो. एक तार फ्रेटच्या अगदी लगत दाबून वाजवा. आता दाब हळूहळू कमी करत वाजवत राहा. एका क्षणी तार खरखरेल. त्याहून किंचित अधिक दाब द्या. बस्स, तेवढाच जोर लागतो. आपण याच्या दुप्पट-तिप्पट दाबत होतो, हे बहुतेकांना तेव्हा कळते. मग अंगठा दांडीवरून क्षणभर उचलून पाहा. स्वर तरीही निघत असेल तर हात बरोबर आहे.

कित्येकदा दोष हातात नसून वाद्यात असतो. तारा दांडीपासून फार उंच असतील तर पैलवानाचाही हात दुखेल. वाद्यदुरुस्ती करणाऱ्याकडून त्या खाली करून घ्याव्यात. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून सुरुवात केली तर तारा हलक्या लागतात आणि बोटे कमी ताणावी लागतात. लहान मुलांना मोठी गिटार देऊ नये. पाऊण आणि अर्ध्या मापाच्या गिटारी मिळतात. 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून वाढत्या मापाचा सदरा घेतात, तशी गिटार घेऊ नये.

क्लास की स्वतंत्र शिकवणी?

पालक हा प्रश्न फीच्या हिशोबाने विचारतात. तो हाताच्या हिशोबानेही विचारायला हवा.

क्लासचे फायदे मोठे आहेत. दहा जणांबरोबर वाजवताना ताल सोडता येत नाही. चुकून थांबलो तरी पुढच्या मात्रेवर सामील व्हावे लागते, ही शिस्त एकट्याला लागत नाही. ठरलेल्या दिवशी जावे लागते म्हणून सराव टिकतो. निवृत्त, एकटे राहणारे किंवा घरकामात अडकलेले यांना आठवड्यातून दोनदा चार माणसांत बसायला मिळते. मनाच्या आरोग्यासाठी मी याला फार किंमत देतो. उणीव एकच. एका तासात चौदा विद्यार्थी असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटेसुद्धा येत नाहीत. कान सर्वांचे स्वर एकदम ऐकू शकतो, पण डोळा सर्वांची मनगटे एकदम पाहू शकत नाही. शिवाय सर्वांबरोबर पुढे जाण्याच्या नादात दुखणारा माणूस गप्प बसतो.

स्वतंत्र शिकवणीत शिक्षक समोर बसतो, त्याची नजर हातावर असते आणि गती विद्यार्थ्याची असते. परंतु ती महाग पडते, आणि चारचौघांत वाजवण्याची भीती तिने जात नाही. हल्ली मोबाइलवरचे धडे पाहून पुष्कळ जण शिकतात. त्यात आपल्याला शिक्षकाचा हात दिसतो. शिक्षकाला आपला हात दिसत नाही.

म्हणून मी सुचवतो की दोन्हींची सांगड घालावी. पहिले चार-पाच धडे स्वतंत्र घ्यावेत. बसणे, गिटार धरणे, अंगठा आणि मनगट एवढेच त्यांत पक्के करावे. मग क्लासला जावे आणि महिन्यातून एकदा हात दाखवण्यापुरता स्वतंत्र धडा घ्यावा. क्लास निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: बॅचमध्ये किती जण आहेत, शिक्षक जागेवरून उठून प्रत्येकाजवळ जातात का, आणि दुखते म्हटल्यावर थांबू देतात का.

सरावाचे पथ्य

खुर्ची हात नसलेली असावी. पलंगावर पोक काढून वाजवू नये. वीस-पंचवीस मिनिटांनंतर पाच मिनिटे हात खाली सोडून बसावे. रविवारी दोन तास वाजवण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बरी. डाव्या हाताची नखे बारीक ठेवावीत. इलेक्ट्रिक गिटार लहान खोलीत मोठ्या आवाजात वाजवू नये. शेजारच्याशी ओरडून बोलावे लागत असेल तर तो आवाज कानाला घातक समजावा.

वय झाले, आता काय शिकणार, असे म्हणणाऱ्यांना एक माहिती देतो. १९९५ मध्ये जर्मनीतील शास्त्रज्ञांनी तंतुवाद्य वाजवणाऱ्या नऊ जणांच्या मेंदूची तपासणी प्रसिद्ध केली; त्यांत एक गिटारवादक होता. डाव्या हाताच्या बोटांची जाणीव मेंदूच्या ज्या भागात उमटते, तो भाग त्यांच्यात इतरांपेक्षा विस्तारलेला आढळला. लहानपणी सुरुवात केलेल्यांत फरक अधिक होता हे खरे. पण उशिरा सुरू करणाऱ्यांनी निराश होण्याचे कारण नाही. आणि बोटांच्या बळाविषयी सांगायचे तर, फ्रान्समध्ये गाजलेले गिटारवादक जँगो राइनहार्ट यांची डाव्या हाताची दोन बोटे १९२८ मधील आगीत निकामी झाली होती. उरलेल्या दोन बोटांच्या जोरावर त्यांनी जगात नाव कमावले.

आता त्या बाईंविषयी. सोडू नका, पण तीन आठवडे थांबा, असे मी त्यांना सांगितले. रात्री मनगट सरळ राहील असा पट्टा दिला, रक्तातील साखर आणि थायरॉइड तपासून घेतले. साखर वाढलेली होती, तिची व्यवस्था केली. मुंग्या कमी झाल्यावर त्यांनी त्याच सरांकडे चार स्वतंत्र धडे घेतले. सरांनी मोकळेपणाने सांगितले की यांचा हात मी आजच नीट पाहिला. त्यांनी तारा खाली करून दिल्या आणि खुर्ची बदलली. नंतर बाई पुन्हा बॅचमध्ये गेल्या, पण या वेळी पहिल्या रांगेत बसल्या. एफ कॉर्ड त्या अजूनही सहा तारांवर धरत नाहीत, चारच तारांवर धरतात. त्याने कुणाचे काही बिघडलेले नाही.

तेव्हा वाचकहो, गिटार जरूर शिका. फक्त क्लासमध्ये मागे बसू नका, आणि दुखले तर कुठे दुखते ते स्पष्ट सांगा.